अमोनियायुक्त खते आणि पिकांची मुळे

पेरणी होऊन आठ-दहा दिवस लोटलेले असतात. पाऊस बेताचा का होईना पडलेला असतो, जमिनीत ओलही असते. तरीपण तासांत बी उगवत नाही. उगवले तर विरळ उगवते, आणि जी रोपे वर येतात त्यांची पाने कडांनी करपू लागतात. अशा वेळी शेतकऱ्याचा पहिला संशय बियाण्यावर जातो. पुष्कळदा तो खराही असतो. परंतु पुष्कळदा बियाणे निर्दोष असून दोष त्याच चाड्यातून बियाण्याबरोबर गेलेल्या खताचा असतो. दुबार पेरणी म्हणजे नुसता बियाण्याचा खर्च नव्हे, तर हंगामाचे मोलाचे पंधरा दिवस हातचे जाणे होय. कोरडवाहू पिकास हे पंधरा दिवस परत मिळत नाहीत. म्हणून नत्राची जी खते आपण नित्य वापरतो ती पिकाला अपाय कशी करतात, केव्हा करतात आणि तो अपाय कसा टाळावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नत्रखते वाईट आहेत असे या लेखाचे म्हणणे नाही. सिंद्रीच्या कारखान्यात १९५१ साली अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले तेव्हापासून आजपर्यंत देशातील धान्योत्पादन वाढण्यात या खतांचा फार मोठा वाटा आहे. तथापि जे द्रव्य मुठीमुठीने दिले असता पोसते, तेच एका जागी साचले असता जाळते, हा या खतांचा स्वभाव आहे.

कोणती खते या वर्गात येतात

अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २१ टक्के नत्र असते व ते सर्व अमोनियमच्या रूपात असते. डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे ज्यास आपण डीएपी म्हणतो, त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते. या दोहोंशिवाय अमोनियम क्लोराइड व अनेक मिश्रखतेही या वर्गात मोडतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. युरिया हा मुळात अमोनियाचा क्षार नव्हे. परंतु जमिनीत पडल्यावर त्याचे रूपांतर अमोनियातच होते. म्हणून परिणामाच्या दृष्टीने त्यास या वर्गाचा म्होरक्याच मानले पाहिजे.

ताजे, न कुजलेले कोंबडखत आणि जनावरांचे मूत्र यांतही हेच द्रव्य तयार होते. सकाळी बंद गोठ्यात शिरताना नाकास झोंबणारा व डोळ्यांस पाणी आणणारा जो वास येतो, तो अमोनियाचाच होय. शेतात गाय किंवा बैल ज्या ठिकाणी मुततो तेथील गवत आधी पिवळे पडते आणि पुढे महिना-दीड महिन्याने सभोवारच्या गवतापेक्षा हिरवेगार वाढते, हे कोणीही पाहिले असेल. अपाय आणि उपकार या दोन्ही गोष्टी तेथे एकाच जागी पाहावयास मिळतात.

युरिया जमिनीत पडल्यावर काय घडते

जमिनीत व वनस्पतींच्या अवशेषांत युरिएज नावाचे विकर असते. आपल्याकडील अबईच्या जवळच्या जातीच्या शेंगबियांतून हे विकर जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली स्फटिकरूपात वेगळे काढले. ओल व ऊब मिळताच हे विकर युरियाचे अमोनियम कार्बोनेटमध्ये रूपांतर करते. आपल्याकडील खरिपाच्या हवामानात हे काम काही दिवसांत, बहुधा आठवड्याच्या आत, आटोपते. या क्रियेत खताच्या दाण्याभोवतीची माती तेवढ्यापुरती विम्लधर्मी बनते. तिचा सामू साडेआठ ते नऊपर्यंत चढतो.

या सामूच्या चढण्यातच सारे मर्म आहे. अमोनियाची जमिनीत दोन रूपे असतात. एक रूप अमोनियमचे. ते विद्युत्भारित असून चिकणमातीच्या कणांस चिकटून राहते आणि बेताच्या प्रमाणात पिकास उपयोगी पडते. दुसरे रूप मुक्त अमोनिया वायूचे. तेच घातक होय. या दोन रूपांचे परस्परप्रमाण सामूवर अवलंबून असते. साधारण २५ अंश तपमानात सामू सात असता शंभर भागांतील सुमारे अर्धा भागच मुक्त अमोनिया असतो. सामू आठ झाला की तो सुमारे पाच भाग होतो आणि सामू नऊ झाला की पस्तीस भागांवर जातो. म्हणजे सामू सातावरून नवावर गेला असता तितक्याच खतातून सुमारे साठपटींहून अधिक विषारी वायू उत्पन्न होतो.

हे स्वतः पाहावयाचे असल्यास एक सोपा प्रयोग करावा. दोन काचेच्या बरण्यांत शेतातील मूठ-मूठ ओलसर माती घ्यावी. एकीत चमचाभर युरिया मिसळावा, दुसरीत काही घालू नये. हळदीच्या पाण्यात भिजविलेली फडक्याची ओली पट्टी दोन्ही बरण्यांत मातीला न टेकेल अशी लोंबती ठेवावी व झाकणे घट्ट लावावीत. तीन-चार दिवसांनी युरियाच्या बरणीतील पट्टी तांबूस झालेली दिसेल आणि झाकण उघडताच गोठ्यातला वास येईल. दुसऱ्या बरणीतील पट्टी पिवळीच राहील. बियाण्याच्या शेजारी, जमिनीच्या आत, नेमके हेच घडत असते.

मुळांना अपाय कसा होतो

मुळांच्या पेशींना एक पातळ आवरण असते. कोणती द्रव्ये आत घ्यावयाची आणि कोणती नाही, याचे नियंत्रण ते आवरण करते. मुक्त अमोनिया मात्र भारहीन असल्याने या आवरणातून सहज आत शिरतो आणि पेशींचे कार्य बिघडवितो. कोवळा मोड आणि मुळाचे टोक यांना त्याचा सर्वांत आधी फटका बसतो, कारण वाढ तेथेच चाललेली असते.

दुसरा अपाय क्षारतेचा. खत विरघळले की त्या जागचे मातीतील पाणी दाट होते. अशा दाट द्रावणातून बियाला पाणी शोषून घेता येत नाही; उलट मुळातील पाणी बाहेर ओढले जाण्याचा धोका असतो. म्हणूनच ओल असूनही रोप तहानलेल्यासारखे कोमेजते.

तिसरा अपाय अतिरिक्त अमोनियमचा. नायट्रेट रूपातील नत्र वनस्पती काही काळ पेशींत साठवून ठेवू शकते, अमोनियम मात्र तिला ताबडतोब पचवावे लागते. ते पचविण्यासाठी पानांत तयार झालेली शर्करा मुळांकडे खर्ची पडते आणि मुळांच्या वाढीस ती उरत नाही. जी पेशी अमोनियम पचवू शकत नाही ती ते बाहेर फेकू लागते. कॅनडातील शास्त्रज्ञांनी २००१ साली बार्लीच्या मुळांवर केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, आत येणारे अमोनियम पुन्हा बाहेर काढण्यातच मुळाची पुष्कळशी शक्ती वाया जाते. भाताच्या मुळांत असे होत नाही, असेही त्यांस आढळले.

चौथी गोष्ट, अमोनियम विपुल असले की पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये मुळांस कमी मिळतात. टोमॅटोच्या फळाची खालची बाजू काळी पडून सडल्यासारखी होते ती विकृती कॅल्शियमच्या कमतरतेने होते, आणि अमोनियमयुक्त खतांचा अतिरेक तिला हातभार लावतो.

पाचवा अपाय नायट्राइटचा. जमिनीतील जीवाणूंची एक जात अमोनियमचे नायट्राइट करते आणि दुसरी जात त्या नायट्राइटचे पिकास उपयुक्त असे नायट्रेट करते. मुक्त अमोनियाने ही दुसरी जात अधिक बाधित होते. परिणामी खताच्या पट्ट्यात नायट्राइट साचते व तेही मुळांस विषारी असते.

मात्रा तीच, पण पट्टा अरुंद

“एकरी एकच पोते टाकले, त्याने काय बिघडणार?” असा प्रश्न नेहमी केला जातो. त्याचे उत्तर हिशेबाने मिळते. युरियाच्या सध्याच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असते. हे नत्र एका एकरात वीस सेंटीमीटर खोलीपर्यंत सारखे मिसळले तर मातीच्या दर दहा लाख भागांस सुमारे वीस भाग नत्र येते. हे प्रमाण निरुपद्रवी आहे.

आता तेच पोते पाभरीने ४५ सेंटीमीटर अंतराच्या तासांतून दिले असे समजा. एकरात अशा तासांची एकूण लांबी सुमारे नऊ हजार मीटर भरते, म्हणजे दर मीटरला पाच ग्रॅम युरिया पडतो. नळ्यातून पडणारे खत जेमतेम तीन सेंटीमीटर रुंद व तितक्याच खोल पट्ट्यात राहते. या पट्ट्यातील मीटरभर लांबीत सव्वा किलोहून थोडी कमी माती असते. तेव्हा तेथे नत्राचे प्रमाण दर दहा लाख भागांस सुमारे दोन हजार भाग होते. मात्रा तीच, परंतु बियाण्यापाशी तीव्रता शंभरपट! शिवाय तासांतील अंतर ४५ वरून ९० सेंटीमीटर केले तर एकरी मात्रा न वाढविताही प्रत्येक तासातील खत दुप्पट होते. कपाशी, तूर यांसारख्या रुंद अंतराच्या पिकांत हा धोका अधिक का, ते यावरून ध्यानात येईल.

कोणत्या जमिनीत धोका अधिक

हलक्या, मुरमाड व वाळूसर जमिनीत चिकणमाती कमी असते. अमोनियम धरून ठेवण्याची तिची शक्ती अल्प असल्यामुळे खताची तीव्रता मुळांस थेट जाणवते. भारी काळी जमीन अमोनियम पुष्कळ धरून ठेवते, ही तिची जमेची बाजू. परंतु दख्खनच्या काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त असून त्यांचा सामू साडेसात ते साडेआठ असतो. म्हणजे मुक्त अमोनिया होण्यास तेथे आधीच अनुकूलता असते. अशा जमिनीत अमोनियम सल्फेटसुद्धा चुनखडीशी संयोग पावून अमोनिया सोडते. पृष्ठभागावर फेकलेले नत्रखत या जमिनींत हवेत उडून जाते व पैशाचाही नाश होतो.

ओलीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भरपूर ओल असली तर खत पातळ होते व पसरते. धूळपेरणीनंतर एखादी हलकी सर येऊन पुढे उघडीप पडली, तर खत विरघळण्यापुरती ओल मिळते, पण ते पसरण्यापुरती मिळत नाही. याच परिस्थितीत सर्वाधिक बियाणे जळते.

कोकणच्या जांभ्या जमिनीची गोष्ट निराळी. ती मुळात आम्लधर्मी असल्याने मुक्त अमोनियाचे भय तेथे कमी. परंतु अमोनियमचे नायट्रेट होताना आम्ल निर्माण होते व वर्षानुवर्षे केवळ अमोनियम सल्फेट वापरल्यास आम्लता वाढत जाते. इंग्लंडमधील वोबर्न येथे १८७६ साली सुरू झालेल्या प्रयोगात दरसाल अमोनियमचे क्षार दिलेल्या वाफ्यांतील हलकी जमीन कालांतराने इतकी आम्ल झाली की तेथे बार्लीचे पीक जवळजवळ येईनासे झाले. चुना दिल्यावर ते पुन्हा येऊ लागले. आम्ल जमिनीत विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची टोके खुंटविते, म्हणून हाही मुळांचाच अपाय होय. मात्र तो एका हंगामात दिसत नाही.

पिकापिकांतील भेद

सर्व पिके अमोनियम सारखेच सहन करीत नाहीत. भात हे पाणथळ जमिनीतील पीक असल्याने त्याला नत्र अमोनियमच्याच रूपात घेण्याची सवय आहे. टोमॅटो, बटाटा, घेवडा, मोहरी व बार्ली ही पिके मात्र नाजूक आहेत. भातखाचरात युरिया व डीएपी यांच्या ब्रिकेटी चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचण्याची पद्धत कोकणात रूढ झाली आहे. ब्रिकेटीत खत एकवटलेले असूनही भाताचे नुकसान होत नाही, कारण ती चुडांपासून दूर व चिखलात खोल असते आणि मुळे तिच्याकडे आपल्या सोयीने येतात. खत आणि मूळ यांत अंतर राखणे हेच खरे तत्त्व, हे यावरून स्पष्ट होते.

अपाय ओळखावा कसा

खताने जळालेल्या पिकाची काही ठळक लक्षणे आहेत. तुटाळ तासाच्या रेघेत पडते. जेथे पाभर वळली, थांबली किंवा चाड्यात खताची मूठ अधिक पडली, तेथे ती अधिक दिसते. रोगाने मर होत असेल तर ती बहुधा ठिपक्याठिपक्यांनी, गोलाकार पसरत जाते. खुरप्याने न उगवलेले बी काढून पाहावे. ते फुगून मोड तपकिरी झाला असेल, तर खताचा संशय धरावा. उगवलेले रोप मातीसकट उचलून मुळे पाण्यात धुवावीत. निरोगी मुळे पांढरी व तंतुमय असतात. जळालेल्या मुळांची टोके तपकिरी, बोथट व आखूड दिसतात आणि बाजूची मुळे फुटलेली नसतात.

खात्री करून घेण्यासाठी दोन कुंड्या घ्याव्यात. एकीत तासातील व दुसरीत दोन तासांमधली माती भरावी. त्याच पिशवीतील उरलेले वीस-वीस दाणे दोहोंत टोकावेत आणि सारखेच पाणी द्यावे. दोन्ही कुंड्यांत उगवण कमी झाली तर बियाणे संशयास्पद समजावे. केवळ तासाच्या मातीत कमी झाली तर दोष खताचा असतो. बियाण्याविषयी तक्रार करण्यापूर्वी ही परीक्षा केल्यास शेतकऱ्याचे म्हणणे अधिक भक्कम होते. म्हणून बियाण्याची पिशवी, तिची खूणचिठ्ठी व मूठभर बी जपून ठेवणे नेहमीच इष्ट.

अपाय टाळण्याचे उपाय

बी आणि खत एकाच चाड्यातून कधीही पेरू नये. दोन चाड्यांची खत-बी पाभर वापरावी व खत बियाण्याच्या पाच सेंटीमीटर बाजूस आणि पाच सेंटीमीटर खाली पडेल असे फण बसवावेत. ही पाभर नसेल तर खत आधी मोघून घ्यावे व बी त्याच्या बाजूने पेरावे. युरिया तर बियाण्याच्या तासात मुळीच घालू नये. डीएपीचे द्रावण विम्लधर्मी असल्याने तेही बियाण्यास लागू देऊ नये.

नत्राची मात्रा विभागून द्यावी. उसाला लागणीच्या वेळी नत्राचा केवळ दहावा हिस्सा देण्याची जी शिफारस आहे, तिच्यामागे काटकसर आहे तशीच टिपरीच्या डोळ्यांची व कोवळ्या मुळांची काळजीही आहे. पुढील हप्ते वाफशावर वरंब्याच्या पायथ्याशी पहारीने भोके पाडून द्यावेत व बुजवावेत. कपाशीस बांगडी पद्धतीने देताना खत बुंध्यापासून चार-पाच बोटे दूर ठेवून मातीने झाकावे.

वरखत म्हणून युरिया देताना पाने दवाने किंवा पावसाने ओली नसावीत. ज्वारी व मका यांच्या पोंग्यात दाणे अडकले तर पोंगा करपतो. म्हणून तासाच्या कडेने द्यावा व लगेच कोळपणी करावी किंवा हलके पाणी द्यावे. पाण्याबरोबर युरिया अमोनिया होण्यापूर्वीच खाली जातो व पसरतो.

रोपवाटिकेत कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये अमोनियमचे नायट्रेट करणारे जीवाणू फारसे नसतात. तेथे नत्राचा बराचसा भाग नायट्रेट रूपात द्यावा. कोंबडखत पूर्ण कुजल्यावाचून, म्हणजे त्याचा उग्र वास जाऊन ते थंड झाल्यावाचून, रोपाच्या खड्ड्यात भरू नये.

एका गैरसमजाचा येथे उल्लेख केला पाहिजे. २०१५ पासून आपल्याकडे युरियाला निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले आहे. या लेपनाने अमोनियमचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते व नत्राचा ऱ्हास कमी होतो, हा लाभ खरा आहे. परंतु युरियाचा अमोनिया होणे त्यामुळे थांबत नाही. तेव्हा निंबोळीचा युरिया बियाण्यास बाधत नाही, अशा समजुतीत कोणी राहू नये.

अपाय झाल्यावर काय करावे

खत देऊन एक-दोन दिवसच झाले असतील आणि पाण्याची सोय असेल तर ताबडतोब पाणी द्यावे. अधिक दिवस झाले असले तरी पाण्याने तीव्रता कमी होते. मात्र शेतात पाणी साचू देऊ नये, कारण हवेवाचून अमोनियमचे नायट्रेट होत नाही. वाफसा येताच कोळपे चालवावे. पीक पिवळे दिसते म्हणून आणखी युरिया देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. नांग्या भरावयाच्या झाल्यास त्याच तासात बी टोकू नये. तासापासून वीतभर बाजूस टोकावे. जी रोपे तगली आहेत त्यांना नवी मुळे फुटली की तेच नत्र पुढे त्यांच्या उपयोगी पडते.

सारांश

१. बी आणि खत यांत निदान पाच सेंटीमीटर मातीचा पडदा असावा.
२. तासांतील अंतर वाढले की तासातील खताची तीव्रता वाढते, हे विसरू नये.
३. ओल अपुरी असता नत्रखत बियाण्याजवळ देऊ नये.
४. नत्र विभागून द्यावे आणि दिलेले खत मातीआड करावे.
५. उगवण बिघडली तर आधी मुळे धुऊन पाहावीत, मग निष्कर्ष काढावा.

पाच सेंटीमीटर म्हणजे जेमतेम तीन बोटे. एवढे अंतर राखण्यास पैसा लागत नाही, फक्त पाभरीच्या फणाकडे लक्ष लागते. पेरणीच्या घाईत हे लक्ष देणारा शेतकरी आपले बियाणे आणि आपला हंगाम दोन्ही वाचवितो.